हसुदादांच्या गिटारीचा रंग

चकचकीत वाद्य पाहिलं की माझं डोकं फिरतं. परवा माझी भाची कॉलेजातल्या कुणा मित्राची गिटार घेऊन घरी आली. लालभडक, इतकी गुळगुळीत की तीत बघून टिकली लावावी. "मावशी, कसली भारी आहे ना?" मी म्हटलं, "वाजते का?" झालं, बाईसाहेब रुसल्या. तिचा काय दोष? तिनं हसुदादांना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. त्यांच्या बाबतीत जे झालं त्यात माझाही हात होता, त्यामुळे हा राग दुसऱ्या कुणावर पुरता काढताही येत नाही.

हसुराम घरत. नाव हसुराम, आणि माणूस हसायला तयार नाही. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात त्यांचं घर. बाप, आजा मिठागरात राबलेले. ते स्वतः डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर फिटरच्या हाताखाली होते. बुटके, रुंद, काळेभोर. शिफ्ट संपली की अंग धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायला यायचे. नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. मी तेव्हा रोह्याला एका एसटीडी बूथवर बसायचे आणि रविवारी गाडीनं पेणला प्रॅक्टिसला जायचे. ऑर्केस्ट्रा दिलीपशेठचा. दिलीपशेठचा मूळ धंदा मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा. लग्नाला मंडप द्यायचाच आहे तर त्यात गाणारी माणसंही आपलीच बसवू, असा त्यांचा हिशेब. आम्ही त्यांच्या लेखी खुर्च्या आणि कनातींसारखंच सामान होतो. फरक इतकाच की खुर्च्यांना चहा लागत नाही.

पहिल्याच दिवशी हसुदादांनी माझं गाणं मधेच तोडलं. मंडपाच्या गोदामात बांबूंच्या थप्पीला टेकून सगळे बसले होते. मी अगदी डोळे मिटून गात होते, आणि एकदम गिटार बंद.

"थांब."

"काय झालं?"

"वर सरकतंस."

"कुठे वर सरकले? बरोबर तर गातेय."

"तुना वाटतं बरोबर. नाय बरोबर."

मी बावीस वर्षांची, गावच्या स्पर्धेत पहिली आलेली. मला रडूच आलं. तर हा माणूस म्हणतो, "रडू नको गो. रडल्यावर आनखी वर सरकशील. इकडं ये. हनुवटी ठेव हिच्यावर."

सगळे फिदीफिदी हसायला लागले. हसुदादांनी नुसतं वळून बघितलं आणि गोदाम गप्प झालं. मी घाबरत पुढे झाले, गिटारीच्या वरच्या कडेवर हनुवटी टेकवली. त्यांनी एक तार छेडली. तो स्वर कानातून आलाच नाही. तो हनुवटीतून जबड्यात, दातांत, कपाळात चढला आणि डोक्याच्या आत घुमत राहिला. आपल्याच डोक्यात कुणीतरी बोलतंय असं वाटलं.

"कानानं नको ऐकू," ते म्हणाले. "कान लबाड असतो. हाडानं ऐक. आता गा."

मी गायले. त्या दिवसापासून, ती गिटार धड होती तोवर, कार्यक्रमाआधी पडद्यामागे हनुवटी टेकवून एक स्वर घेतल्याशिवाय मी कधी स्टेजवर गेले नाही. लोकांनी त्याची टिंगल केली. करोत.

ती गिटार दिसायला काहीच नव्हती, हे मला आधी सांगितलं पाहिजे. मळकट मधाचा रंग, पोटावर दोन चिरा, उजव्या हाताचा कोपर जिथे टेकतो तिथलं पॉलिश पार उडून लाकूड पांढरं पडलेलं. धरमतरच्या खाडीत येणाऱ्या एका बार्जवरच्या खलाशाकडून ती हसुदादांना मिळाली तेव्हा तिची मान मोडलेली होती. फेकून देणार होता तो. हसुदादांनी ती घरी आणली आणि एका मोडीत निघालेल्या मचव्याच्या, म्हणजे शिडाच्या होडीच्या, सागवानी फळीतून तिला नवी मान केली. सगळा एक पावसाळा त्यात गेला. त्यांची बोटं लहानपणापासून मिठागरात फावडी ओढून इतकी जाड झालेली, की साध्या गिटारीवर एक तार दाबली की शेजारची दबायची. म्हणून त्यांनी मान जरा रुंद केली. तळहाताला बसेपर्यंत मागून घासली. थोडं घासायचं, धरून बघायचं, पुन्हा घासायचं. वर लाखेचं पातळ पॉलिश, बास.

"मचव्याचा लाकूड चालीस वरसं खारं पानी पिलेला," ते सांगायचे. "त्याला आता काय होनार नाय. वाकायचा तेवढा वाकून झालाय."

एकदा मी ती हातात घेऊन बघितली होती, त्यांच्या परवानगीनं. मला ती अजिबात धरता आली नाही. मान कुठे जाड, कुठे बारीक, एका जागी तर अंगठ्याला खळगाच लागायचा. मी म्हटलं, "ही कशी हो अशी वाकडीतिकडी?" त्यांनी स्वतःचा डावा हात माझ्यापुढे उघडून धरला. तळहातावर तसेच उंचवटे, तसेच खळगे. मग कळलं.

दिलीपशेठनी एकदा मुंबईहून नवीकोरी इलेक्ट्रिक गिटार आणली. काळी, चंदेरी खुंट्यांची. ऑर्केस्ट्राची शान वाढवायची होती. हसुदादांनी ती गळ्यात घातली, अर्धं गाणं वाजवलं आणि उतरवून ठेवली.

"काय झालं? आवाज कसला गोड आहे!" दिलीपशेठ म्हणाले.

"गोड हाय. पन मी चुकलो तरी गोडच वाजते. माझं चुकल्यालं मना ऐकूच येत नाय."

"अरे, मग चांगलंच आहे की!"

"नाय. ही माझी चूक झाकते. माझी गिटार माझ्या तोंडावर सांगते. मना तीच बरी."

दिलीपशेठना हे वाक्य कळलं नाही. त्यांना फक्त एवढं कळलं की कंत्राटी मजुरानं चारचौघांत आपली वस्तू नाकारली. तो राग त्यांनी जपून ठेवला, असं मला आता वाटतं.

हसुदादांचा स्वतःचा राग मात्र जपून ठेवण्यातला नव्हता. तो तिथल्या तिथे फुटायचा. एकदा आम्ही पनवेलच्या कार्यक्रमाला गाडीनं चाललो होतो. गिटारीला त्यांच्या बायकोनं, भीमावहिनींनी, जुन्या गोधडीचं कव्हर शिवलं होतं आणि ती गोधडीतली गिटार मांडीवर आडवी घेऊन हसुदादा खिडकीशी बसलेले. जिते स्टेशनला एक गृहस्थ मोठा फणस घेऊन चढले, समोर गादीसारखं काहीतरी दिसलं आणि त्यांनी तो फणस खुशाल त्यावर ठेवला.  हसुदादांनी एका हातानं फणस उचलला आणि खिडकीतून हात काढून फलाटावरच्या बाकावर ठेवून दिला. गाडीला बारके गज होते, फणस कसा बाहेर गेला ते देवाला ठाऊक. बहुतेक दारातून गेला असेल, पण माझ्या आठवणीत तो खिडकीतूनच जातो. गृहस्थ ओरडत फणसामागे उतरले. गाडी सुटली. ते जितेलाच राहिले.

"हसुदादा, अहो, माफी तरी मागायची," मी म्हटलं.

"फनस ठेवलान तिच्यावर! फनस!" सगळा डबा वळून बघेल असे ते ओरडले. पुढे पनवेल येईपर्यंत त्यांनी गिटारीला हात लावला नाही. ती माझ्याकडे दिली. उतरल्यावर नळावर कोपरापर्यंत हात धुतले, बाकावर दोन मिनिटं बसले, आणि मग ती परत मागितली. भीमावहिनींनी मला याचं कारण सांगितलं होतं. "राग आला का ते तिला शिवत नाय गो. रागाचा हात जड पडतो म्हंतात. माझ्यावर वराडतील, भांडी आपटतील, पन तिला नाय." हे सांगताना वहिनींच्या आवाजात थोडी सवत होती आणि थोडं कौतुक.

खारी हवा तारा आठ दिवसांत गंजवते, म्हणून ते रोज शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट तारांवरून फिरवायचे. कार्यक्रम नसला तरी. दिवसपाळी असो, रातपाळी असो.

आता ती गोष्ट.

गणपती होऊन गेले होते. रोह्याच्या मैदानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम दिलीपशेठना मिळाला होता. व्हिडिओ शूटिंग होणार होतं. नेमकं त्याच सुमारास भीमावहिनींचं पिशवीचं ऑपरेशन ठरलं, अलिबागला. हसुदादांनी रजा टाकली, घराला कुलूप लावलं. पण गिटार कुठे ठेवायची? बंद घरात दमट हवेत नको, गोदामात उंदीर. शेवटी ते एक दिवस गाडीनं रोह्याला आले आणि माझ्या बूथवर हजर.

"तुझ्याकडं ठेवतो. कार्यक्रम हितंच हाय. मी थेट येतो त्या दिशी." त्यांनी गोधडीची नाडी दोनदा तपासली. "तारा ढिल्या केल्यात. कुनी मागली तर देऊ नको."

"नाही देणार, दादा."

"कुनालाच."

"अहो, नाही म्हटलं ना."

मी अगदी मनापासून म्हटलं होतं. ती माझ्या घरी कपाटाच्या बाजूला उभी केली, आईला सांगितलं की हिला कुणी हात लावायचा नाही.

चार दिवसांनी बूथवर दिलीपशेठचा फोन आला. "मंगल, हसुरामची गिटार तुझ्याकडे आहे ना? रमेशला टेम्पो घेऊन पाठवतो. तारा बदलून, पुसूनबिसून ठेवतो. बिचारा बायकोच्या आजारपणात, त्याला कुठे सवड?" मी म्हटलं, "पण हसुदादा म्हणाले होते..." ते म्हणाले, "अगं, मी बोललोय त्याच्याशी." आणि लगेच, त्याच दमात, "आणि हे बघ, शूटिंगमध्ये पहिलं गाणं तुझं. मी ठरवलंय. साडी चांगली नेस."

मला तेव्हाच कळलं होतं. आज मी दहा कारणं देऊ शकते, की मालक होते, वयानं मोठे होते, खोटं बोलतील असं वाटलं नाही. पण कुठेतरी आत मला कळलं होतं की हे खोटं आहे. आणि पहिलं गाणं माझं होतं. संध्याकाळी आमचा ड्रमवाला रमेश आला आणि मी गोधडीसकट गिटार त्याच्या हातात दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला मी मैदानावर पोचले. स्टेजच्या मागे सगळी वाद्यं मांडली होती आणि मधोमध स्टँडवर एक सोनेरी गिटार. गणपतीच्या मुकुटाला मारतात ना, तो सोनेरी. वर चमकी. पोटाच्या भोकाभोवती चंदेरी वेलबुट्टी. पेणच्या कुठल्याशा गणपतीच्या कारखान्यात रंगारी मोकळे बसले होते, उरलेला रंग होता, यंत्रानं फवारून दिला होता. खालपासून वरपर्यंत. मानसुद्धा. तारांच्या खालच्या पट्ट्यांवरसुद्धा. मला क्षणभर खरंच वाटलं की ही दुसरी असेल. मी स्वतःला तेवढा वेळ दिला.

हसुदादा आले. सकाळीच वहिनींना घरी सोडून, बहिणीला त्यांच्यापाशी बसवून, जेवणही न करता आले होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"माझी कुठं हाय?"

रमेश जमिनीकडे बघायला लागला. दिलीपशेठ हसत पुढे आले. "अरे, ही काय! ओळखली नाय ना? म्हटलं हसुराम आला की चाटच पडेल. सोन्यासारखी करून टाकली!"

हसुदादा स्टँडपाशी गेले. नेहमी करायचे तसा आधी डावा हात मानेला लावला. आणि काढला. हवेत ओल होती, रंग आतून पुरता वाळला नव्हता. त्यांचा तळहात सोनेरी झाला होता. त्यांनी तो बघितला. मग गिटारीच्या पोटावर एका बोटानं टिचकी मारली. ठक. पत्र्याच्या डब्यावर मारावी तशी. दुसरीकडे मारली. ठक.

"हितं कशी आली ही?"

"मंगलनं दिली की," दिलीपशेठ म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नव्या साडीत उभी. "ते म्हणाले तारा बदलायच्यात... तुमच्याशी बोलणं झालंय असं..."

"तू इचारलंस काय मना?"

मी उगाच पदर सारखा करायला लागले.

"हॉस्पिटलात फोन व्हता. तू तर फोनवरच बसतंस."

बास, इतकंच. ओरडले नाहीत. फणसासाठी ज्या माणसानं अख्खा डबा हलवला होता, तो माझ्यावर ओरडला नाही. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मानूस हाय काय तू?" ते दिलीपशेठना म्हणाले.

दिलीपशेठचं हसू गेलं. "ए, तोंड सांभाळ. उपकार करायला गेलो तर... पब्लिक काय ऐकायला येतं काय? बघायला येतं. कीबोर्डवर सगळं वाजतं आता, तुझी गिटार तशी पण तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाय. निदान दिसू दे तरी!"

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. जिथे जिथे कुणी काम करणाऱ्याच्या हातातली चीज न विचारता 'सुधारून' देतो, तिथे तिथे मला ते ऐकू येतं. निदान दिसू दे तरी. बारा-चौदा वर्षं एक माणूस एका लाकडाच्या तुकड्याशी बोलत बसलाय, त्यातून त्याला जे कळलंय ते तुम्हाला दोन जन्मांत कळणार नाही, आणि तुम्ही त्यावर रंगाची फवारणी करून वर उपकाराची भाषा करता!

साडेपाचला मैदान भरलं. पडदा उघडला तेव्हा हसुदादा आपल्या जागी होते. आम्हाला सगळ्यांना वाटलं, गिळलं त्यांनी. निवेदक बोलून बाजूला झाला आणि हसुदादा चालत माइकपाशी आले. आयुष्यात ते कधी माइकवर बोलले नव्हते.

"मी हसुराम घरत," ते म्हणाले. "गिटार वाजवतो. ही माझी हाय. मी बायकोला घेऊन हॉस्पिटलात व्हतो, तवा हिला यांनी रंग मारला. मना इचारला नाय. आता ही वाजत नाय. ऐका."

आणि त्यांनी गिटार माइकला भिडवून सगळ्या तारा एकदम ओढल्या. काय आवाज होता तो! गळा दाबल्यावर यावा तसा.  आणि मग शिट्ट्या. टाळ्या. लोकांना वाटलं, हा विनोदी आयटम आहे. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" हसुदादा तिथे उभे, तळहात सोनेरी, आणि हजारभर माणसं हसताहेत.

दिलीपशेठनी माइक बंद करवला, कीबोर्डवाल्याला खूण केली. सुरावट सुरू झाली. हसुदादा मागच्या जिन्यानं उतरले. आणि मी पुढे झाले. पहिलं गाणं माझं होतं. मी गायले. सुरात गायले, हे त्याहून वाईट.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. तोवर धीर झाला नाही. पेणहून मिनीडोर रिक्षा, मग बांधावरून चालत. दारात भीमावहिनी तांदूळ निवडत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं.

"कनाला आलंस? आनखी काय न्यायचा राहिलाय काय?"

"वहिनी, चुकलं माझं."

"चुकलं? तुना ठेवायला दिली व्हती गो! मी हॉस्पिटलात पडलेली, माझ्या उशाशी बसून मानूस मना सांगतो, मंगलकडं हाय, मना घोर नाय. घोर नाय बोल्ला! माझ्या पोटावर टाके, न् मी त्याला बोल्ली, बरा केलास, पोर चांगली हाय." त्यांचा श्वास लागला. "पोर चांगली हाय!"

मी उभीच. ऐकून घेण्याखेरीज मला काही करायचं नव्हतं. ओरडून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आत बघून म्हणाल्या, "पडवीत हायत. जा."

मागच्या पडवीत हसुदादा फाटक्या चटईवर बसले होते. मांडीवर गिटार, तारा काढलेल्या. हातात फुटलेल्या काचेचा तुकडा. काचेच्या धारेनं ते रंग खरवडत होते, नखाएवढा, नखाएवढा. भोवती सोनेरी भुसा. मानेवरचा सगळा निघाला होता, पोटावरचा अर्धा.

"रंग काढायचं औषध मिळतं ना, दादा?" मी कसंबसं म्हटलं.

"मिलतं. चिकटवलेला सरस पन खातं. सांधे सुटतील." त्यांनी वर बघितलं नाही. "काच बरी."

"दोन महिने झाले."

"हात धुवून बसतो. राग गेला का घासतो. रोज जात नाय. म्हनून येल लागतो."

मी चटईच्या कडेला बसले. मला वाटलं होतं ते मलाही एक काच देतील. दिली नाही. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी गिटार थोडी दुसऱ्या बाजूला सरकवली. तेवढंच. बरोबर होतं ते. वहिनींनी चहा आणून दिला, आदळून. मी तो प्याले, तासभर काचेची खरखर ऐकली आणि निघाले.

पुन्हा गेले ते होळीच्या सुमारास. तेव्हा ती गिटार पुरती सोलून निघाली होती. पांढुरकी, ओरखड्यांची. कोपराची जागा, बोटांच्या खुणा, सगळं त्या रंगाबरोबर निघून गेलेलं. नव्या तारा लावल्या होत्या. त्यांनी एक स्वर छेडला. मग न सांगता गिटार थोडी माझ्याकडे केली. मी हनुवटी टेकवली. गिटारीच्या पोटातून येणारा तो घुमारा दातांपर्यंत येऊन थांबत होता, कपाळात चढत नव्हता.

"आली?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "अर्धी आली."

"व्हय," ते म्हणाले. "अर्धीच आली. भीमा बोलते, सगली आली. तिला बरं वाटावं म्हनून मी गप असतो." मग तिच्या पोटावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पोटाचं लाकूड पातल झाला घासून. आता जास्त ओढली तर फाटंल."

दिलीपशेठनी त्याच आठवड्यात निरोप धाडला होता. लग्नांचा हंगाम तोंडावर होता, या, झालं गेलं विसरू. हसुदादांनी निरोप आणणाऱ्या रमेशला दारातच विचारलं, "त्यांनी इसरला काय, का मी इसरायचा?" रमेश आल्या पावली परत गेला. हसुदादा ऑर्केस्ट्रात पुन्हा आले नाहीत. मीही त्या हंगामानंतर सोडलं. लोक म्हणाले, एवढ्याशा गोष्टीवरून? एका जुन्या गिटारीला रंग काय दिला, तर माणसं धंदा सोडतात? घरच्यांनी म्हटलं, शेजाऱ्यांनी म्हटलं, रमेशनंसुद्धा म्हटलं. एवढीशी गोष्ट! त्या लोकांना आयुष्यात कुठली तरी वस्तू डोळे मिटून ओळखता आली असेल का, हा प्रश्न मला पडतो. आली असती तर ते असं बोलले नसते.

पुढे माझं लग्न झालं, मी रोह्याकडच्या खांब गावी राहायला गेले. हसुदादांची खबर अधूनमधून कळायची. कंपनीत कायम झाले नाहीत ते नाहीतच. संध्याकाळी पडवीत वाजवतात, हळू, लाकूड सांभाळून. इतकंच.

शेवटचं पाहिलं ते दशक संपता संपता. मी एसटीनं पेणवरून चालले होते. बाजारात गाडी अडकली होती, माझ्या खिडकीसमोर वाद्यांचं दुकान. ढोलक्या, पेट्या, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या गिटारी, लाल, निळ्या, काळ्या. आत कॉलेजातली एक मुलगी होती आणि तिच्या शेजारी हसुदादा. केस पांढरे झालेले. त्यांच्या गावातली असावी कुणी, दुकानात बरोबर आणली होती. दुकानदार भिंतीवरची एकेक गिटार काढून देत होता. हसुदादा आधी मान धरत, मग मुलीचा डावा हात धरून त्या मानेवर ठेवत, बोटं पुरतात का बघत. मग टिचकी. मग कपाळाला आठी आणि परत.

"अहो काका, हीच सगळ्यात जास्त जाते!" दुकानदार वैतागून ओरडला, ते मला गाडीतही ऐकू आलं.

"जाऊ दे जाते तर!" हसुदादा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. "हिच्या हातात येत नाय, दिसत नाय काय तुना? ती निली काढ!"

मी खिडकीची काच उघडली. हाक मारावी असं वाटलं.  पण ते त्या मुलीला काहीतरी सांगत होते, वाकून, रागारागानं, आणि ती मान डोलावत होती. मी हाक मारली नाही.

निळी खाली आली. हसुदादांनी ती मुलीच्या मांडीवर दिली आणि स्वतः दोन पावलं मागे सरून, हाताची घडी घालून उभे राहिले. मुलीनं तार छेडली. पुढची गाडी हलली, आमच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि मधे एक भाजीचा टेम्पो आला. ती निळी त्यांनी घेऊ दिली की परत टांगायला लावली, ते मला दिसलं नाही.